एका मोसमातले ३७८ हादरे

२०१५चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचं सराव शिबिर चालू होतं. जॉन अर्शेल, वय चोवीस, वजन एकशे चाळीस किलोच्या घरात, समोरून आलेल्या खेळाडूशी धडकला आणि त्याच्या मेंदूला हादरा बसला. काही आठवड्यांत त्याला खेळायची परवानगी मिळाली. तो पुन्हा मैदानात उतरला, धावला, धडका दिल्या, धडका झेलल्या. शरीर पूर्ववत झालं होतं. गणित मात्र अजून परतलं नव्हतं.

अर्शेलला गणित येत होतं, असं म्हणणं फार अपुरं ठरेल. पेन स्टेट विद्यापीठातून त्याने गणितात पदव्युत्तर पदवी घेतली होती आणि तिथे वर्गावर शिकवलंही होतं. त्याच वर्षी, सहकाऱ्यांसोबत लिहिलेला त्याचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. एकमेकांत गुंतलेल्या बिंदूंचं प्रचंड जाळं कुठून कापलं तर त्याचे नीट दोन भाग पडतील, हे सांगणारी ‘फिडलर व्हेक्टर’ नावाची राशी झपाट्याने काढण्याची ती रीत होती. असल्या गणितात कागदापेक्षा डोक्यात जास्त काम होतं. आकार मनासमोर उभे करायचे, फिरवायचे, जोडायचे. धडकेनंतर नेमकी हीच ताकद गेली होती आणि फुटबॉल खेळण्याची क्षमता परत आल्यानंतरही ती यायला आणखी वेळ लागला, असं अर्शेलने स्वतः पुढे जाहीरपणे सांगितलं.

याच्या पाच महिने आधी, मार्चमध्ये, ख्रिस बोर्लंड या तरुण खेळाडूने एकच मोसम खेळून निवृत्ती जाहीर केली होती. वय अवघं चोवीस. डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांचे परिणाम वाचून-विचारून त्याने कोट्यवधींच्या कमाईवर पाणी सोडलं होतं. तेव्हा अर्शेलने लेख लिहून सांगितलं की आपल्याला हा धोका माहीत आहे, पोट भरायला फुटबॉलची गरज नाही, तरीही आपण खेळणार; कारण समोरच्याला अंगाच्या पूर्ण ताकदीने धडक देण्यातला आनंद दुसऱ्या कशात सापडत नाही. पैशाचा हव्यास म्हणावा, तर हा माणूस वर्षाला पंचवीस हजार डॉलरहून कमी खर्चात राहायचा आणि जुनी निसान गाडी चालवायचा. म्हणजे हे खरोखरचं वेड होतं. अमेरिकन फुटबॉलवरचा सगळा वाद या एका माणसाच्या आत चालला होता.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी खेळ थोडा समजायला हवा. नाव फुटबॉल असलं तरी चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो. कबड्डीत एक चढाई होते, झटापट होते, मग सगळे आपापल्या जागी परततात, तसाच याचा ताल आहे. फरक असा की कबड्डीत पकड एकाची होते. इथे प्रत्येक प्रयत्नाला सगळेच एकमेकांवर आदळतात.

त्यातही मधली रांग वेगळी. तिला ‘लाइन’ म्हणतात आणि तिच्यातल्या अगडबंब खेळाडूंना लाइनमन. अर्शेल लाइनमन होता. चेंडू हलला की दोन्ही बाजूंचे लाइनमन हातभर अंतरावरून एकमेकांवर तुटून पडतात. प्रेक्षकांचे डोळे चेंडूवर, कॅमेरा चेंडूवर. या धडकांकडे कुणाचं लक्ष नसतं. एका सामन्यात एका बाजूला साधारण साठ-पासष्ट वेळा हे घडतं, शिवाय सरावात वेगळं. कुणी बेशुद्ध पडत नाही, कुणाला स्ट्रेचरवरून न्यावं लागत नाही. जुने खेळाडू फार तर ‘घंटा वाजली’ म्हणायचे आणि पुढच्या डावाला उभे राहायचे.

आपण क्रिकेटवाले. १९६२ साली बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला आणि भारताच्या कप्तानाची कसोटी कारकीर्द तिथेच संपली, हे आपल्याकडे अजून सांगितलं जातं. आज चेंडू हेल्मेटला लागला की खेळ थांबतो, डॉक्टर धावत येतो, फलंदाजाची तपासणी होते. २०१९पासून कसोटीत अशा जखमीच्या जागी बदली खेळाडूही घेता येतो. क्रिकेटमध्ये जो अपघात समजला जातो, तो फुटबॉलच्या लाइनमनचा रोजचा व्यवहार आहे.

हेल्मेट असताना इजा कशी होते, हा प्रश्न कुणालाही पडेल. गोटा झालेला नारळ कानाशी धरून हलवला की आत खोबरं खुळखुळतं. त्या करवंटीवर गोधडी गुंडाळली तर करवंटी फुटायची नाही, पण आतला गोटा करवंटीच्या भिंतीवर आपटायचा तो आपटणारच. हेल्मेट कवटी वाचवतं. कवटीतल्या द्रवात तरंगणारा मेंदू वेगात निघतो आणि एकदम थांबतो, तेव्हा हेल्मेट त्याला थांबवू शकत नाही. मेंदूतले नाजूक तंतू ताणले जातात, पिळले जातात. एका वेळचं नुकसान भरून निघतं. वर्षानुवर्षं हजारो वेळा तेच झालं, तर काही जणांच्या मेंदूत ‘टाउ’ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचू लागतात. पुढे कधीतरी माणूस विसरायला लागतो, भडकायला लागतो, खचून जातो. या विकाराला थोडक्यात सीटीई म्हणतात. तो आहे की नाही, हे आज तरी मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच खात्रीने सांगता येतं.

फुटबॉलशी त्याचं नातं उघड झालं ते माइक वेब्स्टरमुळे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा सेंटर, म्हणजे लाइनच्या अगदी मध्यावरचा खेळाडू. सतरा मोसम खेळला, चार सुपर बोल (मोसमाचे अंतिम सामने) जिंकला, लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणायचे. निवृत्तीनंतर या पोलादी माणसाची पार दैना झाली. पैसा गेला, संसार मोडला, पुष्कळदा तो आपल्या पिकअप ट्रकमध्येच झोपायचा. २००२च्या सप्टेंबरमध्ये, पन्नासाव्या वर्षी, तो वारला. शवविच्छेदन करणारे बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. फुटबॉलचं त्यांना ना वेड होतं ना दडपण. मेंदू बाहेर काढला तर तो वरकरणी अगदी धडधाकट दिसला. दुसरा कुणी असता तर फाइल बंद करून मोकळा झाला असता. ओमालूंनी मेंदू जपून ठेवला आणि पदरचे पैसे घालून त्याचे पातळ काप करून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं, ते पन्नाशीच्या माणसाच्या मेंदूत असायला नको होतं.

२००५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एनएफएल, म्हणजे हा खेळ चालवणारी व्यावसायिक लीग, हिने १९९४पासूनच मेंदूच्या इजांसाठी एक वैद्यकीय समिती नेमली होती. तिचे अनेक वर्षांचे अध्यक्ष संधिवाताचे डॉक्टर होते. त्या समितीतल्या डॉक्टरांनी ओमालूंचा निबंध मागे घेण्याची मागणी केली. लीगने पुढची कित्येक वर्षं कानांवर हात ठेवले. २०११ साली डेव्ह डुअर्सन या माजी खेळाडूने आत्महत्या केली. गोळी झाडली ती छातीत, कारण त्याला आपला मेंदू तपासणीसाठी शाबूत राहायला हवा होता आणि तशी चिठ्ठीच त्याने लिहून ठेवली होती. पुढच्याच वर्षी ज्युनियर सेआऊ या आणखी एका माजी खेळाडूने त्रेचाळिसाव्या वर्षी तसाच शेवट केला. दोघांच्याही मेंदूत सीटीई निघाला. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेससमोर कबूल करायला २०१६चा मार्च उजाडला.

तोवर साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडू कोर्टात गेले होते. २०१३ साली ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, पुढे कोर्टाच्या आग्रहावरून वरची मर्यादा काढावी लागली आणि प्रत्यक्ष भरपाई शंभर कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. या भरपाईतलीही एक गोष्ट संताप आणणारी आहे. बुद्धीची किती हानी झाली हे मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळची पातळीच कमी धरणारं गणित वापरलं जात होतं. म्हणजे नुकसान तेच, पण कृष्णवर्णीयाला ते सिद्ध करणं अवघड. ज्या लीगमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, तिथे हे चाललं होतं. २०२१ साली ओरड झाल्यावर ते बंद करावं लागलं.

आता आकड्यांकडे नीट पाहायला हवं, कारण इथेच पुष्कळांची गफलत होते. जुलै २०१७मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या अॅन मकी आणि सहकाऱ्यांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ११० मेंदूंत सीटीई होता. २०२३पर्यंत तपासलेले मेंदू ३७६ झाले, त्यांत ३४५. मथळे वाचून वाटावं की खेळला तो संपला. पण हे मेंदू दान केलेले होते आणि दान करणारी बहुतेक तीच कुटुंबं होती, ज्यांनी घरातल्या माणसाचं बदलत जाणं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावरून सगळ्या खेळाडूंचं प्रमाण काढता येत नाही. तुलनेला दुसरा आकडा घ्या: सर्वसाधारण लोकांचे १६४ मेंदू त्याच विद्यापीठात तपासले, तेव्हा सीटीई एकात निघाला आणि तो माणूसही कॉलेजात फुटबॉल खेळलेला होता. मथळ्यांतली भीती अर्धी कमी केली, तरी उरते ती पुरेशी आहे.

दुसरीकडे, अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेने १९५९ ते १९८८ या काळात एनएफएलमध्ये खेळलेल्या सुमारे साडेतीन हजार खेळाडूंचा माग काढला. २०१२ साली निष्कर्ष आला तो असा की हे खेळाडू सर्वसाधारण पुरुषांपेक्षा जास्त जगतात. व्यायाम, शिस्त, धूम्रपानाचं कमी प्रमाण, सगळं उपयोगी पडत असणार. त्याच खेळाडूंमध्ये मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू मात्र सर्वसाधारण पुरुषांच्या तिप्पट होते. आयुष्य लांबतं, पण त्यातली शेवटची वर्षं कशी जातील हे सांगता येत नाही.

इतकं असून पोरं का खेळतात?

टेक्सासमधल्या एखाद्या गावात शुक्रवारी संध्याकाळी जावं, मग हे कळतं. दुकानं लवकर बंद होतात आणि सगळं गाव शाळेच्या मैदानाकडे लोटतं. अॅलन नावाच्या गावाने २०१२ साली आपल्या हायस्कूलसाठी सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. हायस्कूलसाठी! बँड वाजतो, आजी-आजोबा शाळेच्या रंगाचे कपडे घालून येतात आणि सतरा वर्षांच्या पोराचं नाव लाउडस्पीकरवरून घेतलं जातं. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या आखाड्याभोवती जी गर्दी आणि जो हुरूप असतो, त्याची इथे आठवण यावी. आखाड्यात उतरणाऱ्या पोराला मान मोडण्याची भीती नसते असं नाही. पण सगळा गाव आपल्याला बघतोय, ही गोष्ट त्या भीतीहून मोठी असते.

शिवाय हा खेळ सगळ्या देहयष्टींना सामावून घेतो. बास्केटबॉलला उंची लागते, धावण्याला सडपातळ अंग. एरवी खेळाच्या तासाला शेवटी निवडला जाणारा जाडजूड, संथ मुलगा फुटबॉलच्या लाइनवर सोन्याच्या मोलाचा ठरतो. संघात पन्नास-साठ पोरं असतात, त्यांत गोरी, काळी, श्रीमंत, गरीब, सगळी. एकाने जागा सोडली तर दुसऱ्याचं हाड मोडतं. यातून जी जवळीक तयार होते, ती आयुष्यभर पुरल्याचं माजी खेळाडू सांगतात, अगदी शरीर खिळखिळं झालेलेही.

आणि पैसा. २०२५चा सुपर बोल अमेरिकेत सरासरी पावणेतेरा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. लीगने २०२१ साली केलेले प्रक्षेपणाचे करार अकरा वर्षांत सुमारे अकरा हजार कोटी डॉलर मिळवून देणारे आहेत. २०२५ साली नवख्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. डॅक प्रेस्कॉट या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूने, २०२४ साली वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलरचा करार केला. कॉलेजच्या खेळाडूंनाही २०२१पासून आपल्या नावावर कमाई करता येते. हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलासाठी शिष्यवृत्ती म्हणजे चार वर्षांची फी, राहणं, जेवण आणि घराण्यातली पहिली पदवी. असलं बक्षीस समोर असताना धोक्याची आकडेवारी वाचून दाखवणाऱ्याने जरा नम्रच असावं.

पण बक्षिसाची आकडेवारीही तितक्याच स्पष्टपणे वाचून दाखवायला हवी. अमेरिकेत दहा लाखांहून जास्त मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यातली फार थोडी कॉलेजच्या संघात पोचतात आणि जी पोचतात त्यांच्यातलीही शंभरात दोन सुद्धा व्यावसायिक होत नाहीत. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने एनएफएलमधली सरासरी कारकीर्द तीन वर्षांहून थोडी जास्त असते. कोट्यवधीचे करार टीव्हीवर दिसतात. गुडघा फुटून विसाव्या वर्षी घरी परतलेला मुलगा दिसत नाही.

खेळाचे समर्थक म्हणतात की धोके कमी करत करतच हा खेळ इथवर आला आहे, नियमांनी तो सुरक्षित होत राहील. इतिहास पाहिला तर यात बरंच तथ्य आहे. १९०५च्या मोसमात अठरा-एकोणीस खेळाडू मैदानावरच्या इजांनी मेले. तेव्हा खेळाडू हात गुंफून पाचर करून समोरच्या रांगेत घुसायचे, खाली सापडलेला चिरडला जायचा. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या खेळाचे चाहते; त्यांचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या संघात खेळत होता. त्यांनी ९ ऑक्टोबरला हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्या मोसमानंतर कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला, स्टॅनफर्डने रग्बी धरली. १९०६ साली नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. गर्दी फुटावी, एकमेकांखाली चिरडणं थांबावं, हा हेतू. आज या खेळाचं जे सगळ्यात देखणं रूप आहे, क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला चेंडू पन्नास यार्ड हवेत जातो आणि धावणारा खेळाडू तो बोटांच्या टोकांवर झेलतो, ते पोरांचे जीव वाचवायच्या खटपटीतून जन्मलं आहे.

पुढे कडक हेल्मेट आली आणि उलटंच झालं. डोक्याला कवच मिळालं तसं डोकंच हत्यार बनलं. १९६८ साली ३६ मृत्यू झाले. हेल्मेटची मानकं ठरवली गेली आणि १९७६ साली डोकं पुढे करून धडकण्यावर बंदी आली. मृत्यू आणि मान मोडून येणारे पक्षाघात झपाट्याने घटले. २००१च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सरावातच उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने निघालेली संस्था आज शाळा-शाळांना सांगते की उष्माघात झालेल्या खेळाडूला दवाखान्यात हलवण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवा. २ जानेवारी २०२३ला सिनसिनाटीच्या मैदानात बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन एका टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडल्यावर, उठला, दोन पावलं मागे सरकला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने हृदय थांबलं होतं. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू केलं गेलं. माणसं आणि यंत्र तिथेच हजर होती म्हणून तो वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला. आपल्याकडच्या किती मैदानांवर ते यंत्र आहे, हा प्रश्न फुटबॉलशी संबंध नसलेल्यांनीही विचारावा.

डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० साली सरावात एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं. खेळाडू गाद्या आणि पुतळे पाडून सराव करू लागले. कॉलेजच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तर त्यांना पळणारा यांत्रिक पुतळा करून दिला. लोक म्हणाले, हा संघ मऊ पडणार. २०१५ साली डार्टमथ आयव्ही लीग या कॉलेजांच्या लीगच्या विजेतेपदाचा वाटेकरी झाला. दुसऱ्या वर्षी अख्ख्या आयव्ही लीगने हा नियम उचलला आणि सगळ्यात वेगवान धडका जिथे होतात, तो किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना चेंडूला मारलेली लाथ, पाच यार्ड पुढून घ्यायला सुरुवात केली. दर हजार किकऑफमागे अकराच्या आसपास कन्कशन (मेंदूला बसलेले हादरे) व्हायची, ती दोनवर आली. पाच यार्डांनी एवढा फरक पडतो. एनएफएलने किकऑफची पद्धतच बदलली ती २०२४ साली.

मात्र या सगळ्या सुधारणा दिसणाऱ्या इजांच्या आहेत. मृत्यू, पक्षाघात, कन्कशन. न दिसणाऱ्या, रोजच्या, लहान हादऱ्यांचं काय? २०१९ साली बोस्टनच्याच संशोधकांनी २६६ मेंदूंवरून हिशेब मांडला: टॅकल फुटबॉल खेळण्याच्या प्रत्येक वर्षामागे सीटीईची शक्यता सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. किती वेळा कन्कशन झालं, यापेक्षा किती वर्षं खेळला हे महत्त्वाचं. आणि वर्षं मोजायची तर ती कुठल्या वयापासून, हा प्रश्न येतोच.

अमेरिकेत पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेट आणि शोल्डर पॅड चढवून टॅकल फुटबॉल खेळतात. डोकं शरीराच्या मानाने मोठं, मान कोवळी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडातल्या माउथगार्डमध्ये मोजणी यंत्रं बसवून झालेला, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. टॅकल खेळणाऱ्या मुलांना धक्क्यांच्या क्रमाने लावलं, तर मधोमध येणाऱ्या मुलाच्या डोक्याला एका मोसमात ३७८ धक्के बसले. फ्लॅग फुटबॉलमध्ये, जिथे पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढली की डाव संपतो, तिथे बसले आठ.

या दोन आकड्यांनंतर लहान मुलांबद्दलचा वाद खरं तर मिटायला हवा होता. मिटला नाही. २०२४च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात बारा वर्षांखालच्यांना टॅकल बंदी करणारं विधेयक आलं, तेव्हा जर्सी घातलेली मुलं आणि त्यांचे पालक विरोध करायला विधानभवनात पोचले. गव्हर्नर न्यूसम यांनी सही करणार नाही असं सांगितलं आणि ते विधेयक तिथेच संपलं. विरोधकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. काही वस्त्यांत मुलांना संध्याकाळी जाण्यासारखी धड जागा म्हणजे हेच एक मैदान. प्रशिक्षक हाच घराबाहेरचा एकमेव मोठा माणूस. मुलाने काय खेळावं हे सरकारने का ठरवावं? आणि टॅकल लहानपणी शिकवला नाही, तर पोरगा चौदाव्या वर्षी वाढलेल्या ताकदीनिशी पहिल्यांदा धडकेल, ते जास्त घातक.

शेवटच्या मुद्द्याला टॉम ब्रेडी हे उत्तर आहे. सात सुपर बोल जिंकणारा, या खेळाच्या इतिहासातला सर्वाधिक यशस्वी क्वार्टरबॅक. हायस्कूलला जाईपर्यंत तो टॅकल फुटबॉल खेळलाच नव्हता. वडिलांनी खेळू दिलं नव्हतं. मैदान, प्रशिक्षक, संघ, सगळं फ्लॅग फुटबॉलमध्येही मिळतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तोच खेळला जाणार आहे, पुरुषांचाही आणि स्त्रियांचाही.

जॉन अर्शेलने २७ जुलै २०१७ला निवृत्ती जाहीर केली. १११ मेंदूंचा तो अभ्यास प्रसिद्ध होऊन दोन दिवस झाले होते. त्याने जाहीर केलेली कारणं साधी होती: एमआयटीतली डॉक्टरेट पूर्ण वेळ करायची आहे, डिसेंबरात बाळ येणार आहे. सव्विसाव्या वर्षी, तीन मोसम खेळून तो बाहेर पडला. २०२१ साली डॉक्टरेट झाली आणि पुढे तो एमआयटीतच गणिताचा प्राध्यापक झाला. तो खेळला तेव्हाही त्याचं चुकलं नव्हतं आणि सोडलं तेव्हाही नाही. सज्ञान माणसाने, माहिती हातात असताना, आपल्या शरीराचा केलेला तो सौदा होता. सहा वर्षांच्या मुलाला सौदा करता येत नाही. त्याच्या वतीने दुसरंच कुणीतरी सही करतं.

हे सगळं मराठी माणसाला दूरचं वाटू नये. २०१२ साली भारतात या खेळाची लीग सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे दोन संघ होते; तो प्रयत्न टिकला नाही. पण न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आज मुलगा शाळेतून एक फॉर्म घेऊन येतो आणि म्हणतो, सगळे मित्र खेळतायत. त्या आई-वडिलांनी स्वतः हा खेळ कधी खेळलेला नसतो. काय विचारायचं हेही माहीत नसतं. तर विचारा: आठवड्यात किती दिवस प्रत्यक्ष धडकांचा सराव असतो? मैदानावर प्रशिक्षित वैद्यकीय माणूस असतो का? हृदय चालू करायचं यंत्र कुठे ठेवलंय? बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला असतो का? डोक्याला मार लागला तर पुन्हा खेळायची परवानगी कोण देतं, प्रशिक्षक की डॉक्टर? मुलगा हायस्कूलमध्ये असेल तर ही उत्तरं ऐकून, त्याच्याशी बोलून काय ते ठरवा. तो त्याहून लहान असेल, तर टॅकलच्या फॉर्मवर सही करू नका. फ्लॅग फुटबॉलमध्ये नाव घाला.